बुबुळ

पातं इतकंच बाहेर काढ, तन्वेश,
की पेराला जाणवावं, डोळ्याला दिसू नये.
विनाईल कापायचं आहे, खालचा कागद नाही.
आधी कोपऱ्यात एक चौकोन काप, नखाएवढा.
सोल. कागद उलटा करून ट्यूबलाइटसमोर धर.
नुसता ओरखडा असेल तर ठीक,
उजेड आरपार आला तर पातं मागे घे.
मशीनला शिव्या घालू नकोस.
त्याला आकडे कळतात,
आणि आकडे तू घातलेस.

वीस दिवस उरलेत नरकासुराला.
बोर्ड्याच्या वडाखाली त्याचा सांगाडा उभा आहे,
कमरेपर्यंत बांबू, वर काहीच नाही,
पोरं तेलाच्या डब्यात खळ शिजवतायत.
खवले हाताने नकोत म्हणालास,
एअरब्रशने मारू,
इनासच्या गॅरेजातला कंप्रेसर मिळतोय रात्रीपुरता.
बरं.
या दुकानात टॅक्सीचे नंबर कापतात,
‘उसना मागू नये’ कापतात,
लग्नाच्या गाडीवरची नावं कापतात.
राक्षस पहिलाच.

मंडळाचं नाव टाइप केलंस नि थेट कापायला सोडलंस.
बघ आता, शिरोरेषा
प्रत्येक अक्षरापाशी तुटली.
मशीनला वाटलं ही परकी माणसं,
बसमध्ये एकमेकांच्या अंगावर चुकून कललेली.
आधी त्यांना एक कर,
मग काप.

आता निवडायला बस.
तांदूळ निवडतात तसं नव्हे, उलटं.
ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केलास
तो आकारच उचलून फेकायचा,
आणि भोकाभोकांचं जे उरतं ते जपायचं.
सेफ्टी पिन घे, कोपऱ्यातून उचल.
चिकट फार असेल तर आधी पॅंटवर लाव नि काढ, दोनदा,
नाहीतर कागदी कातडीसकट निघून येईल
आणि राक्षसाच्या दंडावर
परवाच्या पेपरातली कुणाचीतरी श्रद्धांजली
उघडी पडेल.

डोळ्याच्या वेळी मी चहाला गेले होते.
परत येईपर्यंत तू सगळंच निवडून ठेवलं होतंस.
बुबुळ कुठाय?
मधलं, गोल, कशालाच न जोडलेलं.
अरे, ते दिवाडीसारखं असतं,
पूल नसतो त्याला,
ट्रान्सफर टेपच्या फेरीबोटीनेच न्यावं लागतं.
आपण केराचा डबा उलटा केला,
पट्ट्या, त्रिकोण, ‘उसना’मधला फुटका ‘स’,
तू तर माझ्या चष्म्याच्या काचाही तपासल्यास.
बाहेर कंप्रेसर धापा टाकत होता.
शेवटी तसाच मारलास,
हात सरळ, वीतभर अंतर, पातळ पातळ तीन हात,
आणि डोळा भरला काठोकाठ, नुसता लाल.
कडा मात्र स्वच्छ आल्या.
तेवढं मी कबूल करते.

तो कुठे बघतोय तेच कळत नाही, पोरं म्हणाली,
म्हणून तो सगळीकडे बघतोय.
दुसरं बक्षीस आलं.
पहाटे चारला पेटवला,
तुझे खवले आधी फुगले, मग सुटले,
नऊ रात्रींचं काम, मोजून सहा मिनिटं.
तू मोबाइल काढला नाहीस.
मी घरी येऊन अंगठ्याखाली कारीट फोडलं,
फोव खाल्ले, पाच प्रकारचे,
आणि दुपारपर्यंत झोपले.

आज तू आलास शर्ट घेऊन.
आईने धुवायला काढला तर
कोपराच्या मागे, शिवणीला धरून,
काळं, गोल, रुपयाएवढं.
ती दचकली म्हणे.
वीस दिवस तू त्याला घेऊन फिरत होतास,
बाजारात, कॉलेजात, ढोलावर,
आणि ते मागचं सगळं बघत होतं.

चिकट संपलाय त्याचा.
तरी मशीनच्या झाकणावर ठेवून
अंगठ्याने दाबून धरलं दहापर्यंत मोजत.
राहिलं.
बस खाली.
दोन टॅक्सींचे नंबर आलेत सकाळी.
आधी पातं बघ.