उजवीकडून

खडका रोडला, उर्दू शाळेच्या भिंतीला टेकून
रफीउद्दीन चाचांचं बाइंडिंगचं दुकान.
चौऱ्याऐंशी भागांच्या प्रिंटा मी नेल्या
केळीच्या वेफर्सच्या दोन खोक्यांत.
वरच्या पानांना अजून तेलाचा वास होता.

म्हटलं, चाचा, हे उलटं बांधायचंय.
जळगावच्या एकानं पहिला खंड सवयीनं डावीकडून शिवला,
आणि गोष्ट शेवटाकडून सुरू झाली :
पोराची सावली आधी सापडते,
मग हरवते.

चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
एक पान उजवीकडून उघडलं.
"उलटं कुठं आहे, बेटा?
आमच्या घरी तर सगळी पुस्तकं अशीच उघडतात."

मला हे शिकायला आठवी ते दहावी लागली होती.
उजवा चौकोन, मग डावा, मग खाली,
आई मागून म्हणायची, काय वं तेजल,
पेपर बी असाच उलटा लिहिते का?

चाचा दाभणानं भोकं पाडत होते.
हात चालू, कान माझ्याकडे. "कहानी काय आहे?"

एक पोरगा आहे, चाचा. बंदरातल्या गावचा.
उन्हात राबणाऱ्यांना आपली सावली भाड्यानं देतो,
तासाला एक नाणं.
एके दिवशी ती परतच येत नाही.
दुसऱ्या शहरात जाऊन कारकून होते,
लग्न करते,
पोरापेक्षा वयानं मोठी होते.
"भुसावळात चालला असता हा धंदा," चाचा म्हणाले,
आणि बाहेर बघितलं.
बारा वाजले होते. मे महिना.
रिक्षावाल्याची सावली त्याच्या चपलेत मावत होती.

मग? मग दोन गोष्टी होतात, चाचा.
माझा भाऊ ललित म्हणतो, पडद्यावरची खरी.
बारा भाग, शेवटी झाडाखाली दोघं भेटतात,
पाकळ्या पडतात, व्हायोलिन वाजतं.
गच्चीवर, पाणी मारलेल्या फरशीवर पालथा पडून
मोबाइल भिंतीला टेकवून तो रडला होता.
नंतर महिनाभर पाणीसुद्धा हिरोच्या आवाजात मागायचा.
तुझ्या पुस्तकाला आवाज तरी आहे का, म्हणायचा.

आहे ना.
चौकटीत मोठ्ठी वाकडी अक्षरं असतात, कुणी भाषांतर न केलेली.
दार आपटलं, लाट फुटली, काहीतरी तसलं.
मला वाचता येत नाहीत,
म्हणून मी तिथं लोको शेडचा भोंगा ठेवला,
कुठं गाडीचे डबे जोडताना बसतो तो धक्का.
ती लाट माझ्यासाठी आजही
रात्री अडीचच्या मालगाडीसारखी येते.

कागदावर दोघं भेटत नाहीत, चाचा.
चौऱ्याऐंशीव्या भागात पोरगा तिचं दार वाजवतो.
ती दार उघडते, चष्मा पुसते, विचारते,
"कोण पाहिजे?"

"आणि पुढं?"
पुढं नाही. काढणाऱ्याचं मनगट गेलं.
तीन वर्षं झाली. तो एका ओळीत माफी मागतो, दर जानेवारीत.
पडद्यावाल्यांना थांबायला वेळ नव्हता,
म्हणून पाकळ्या त्यांनी त्यांच्या पदरच्या टाकल्या.

चाचांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं,
बोटं दोनदा मिटली, उघडली.
काही बोलले नाहीत. खळ ढवळली.

संध्याकाळी गेले तर तीन खंड तयार,
लाल कापडी पाठी, उजवीकडे.
शेवटच्यात, "कोण पाहिजे?"च्या पुढे
सोळा कोरी पानं शिवलेली.
"येईल तेव्हा चिकटव. परत उसवायला नको."

ललितचा वरणगावहून फोन आला, फॅक्टरी सुटल्यावर.
संपली का गं तुझी गोष्ट?
म्हटलं, बांधून झाली.
तो हसला, आणि त्या जुन्या आवाजात म्हणाला, पाणी दे.

बिलात चाचांनी
कोऱ्या पानांचेही पैसे लावले होते.
मी घासाघीस केली नाही.