किती इंद्रियांचा

संकेश्वराच्या अलीकडे, हिरण्यकेशीच्या अंगाला
आदगोंडा चौगुल्याच्या दीड एकरात
मिरची आत वळलीय.
पानांच्या वाट्या झाल्या, कडा वर, शिरा जाड,
शेंडा तर असा आखडलेला
की थंडीत कुणी खांदे कानाला लावून बसलंय.
आम्ही याला बोकड्या म्हणतो.
बांधापलीकडचे मुटुरु.
पिशवीवर मी नुसता क्रमांक घालते: एकशे बारा.

“काय बघूलालाय, बाई?”
पान उलटून दाखवलं.
खाली पांढरी माशी. तांदळाची कणीही हिच्यापुढं मोठी,
पिठाच्या गिरणीतून नुकतीच बाहेर पडल्यासारखी.
म्हटलं, ही रस ओढते, रसाबरोबर तोही वर येतो.
पोटातून रक्तात, रक्तातून लाळेत,
सकाळी घेतला तर रात्रीपर्यंत तयार.
मग जिथं बसेल तिथं थोडा ठेवून जाते.
मरेपर्यंत.

“आणि हिला काय होत न्हाई?”
होत असेल. दिसत नाही.

हाताला लागून तो जात नाही, विळ्याला लागून नाही,
वाऱ्याच्या तर तो ओळखीचाही नाही.
मावा नको, तुडतुडा नको, हीच पाहिजे.
इतका हट्टी.

दिसतो कसा, तर मी पाहिलेला नाही.
फोटो पाहिलाय, बंगळूरहून आलेला, राखाडी.
भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग, मध्ये कंबर,
पण फोडली तर आत ऐवज एकाचाच:
एकेरी दोऱ्याचं वेटोळं, टोक नसलेलं.
आदगोंडानं खिशातून एक शेंग काढली,
कंबरेवर अंगठा फिरवला,
आणि न फोडता परत ठेवली.

मग म्हणाला,
“मिरची एकेंद्रिय. माशी चार इंद्रियांची.
ह्यो किती इंद्रियांचा?”

मी सतरा वर्षं हेच करते.
शेतकऱ्यांनी मला औषध विचारलंय, भाव विचारलाय,
माझं लग्न झालंय का हेही.
हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, बाहेर असला की खडा.
पानात शिरला की
की
तो थांबला होता, मान जरा तिरकी,
बस्तीत प्रवचनाला बसतात तशी.
पुस्तकात यावर दोन परिच्छेद आहेत,
एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

बरं, म्हणाला, उपटायची ना?
उपटायची. बेचाळीस रोपं, खुणा केलेली.
पहिल्या रोपापाशी तो उकिडवा बसला,
बुडाशी धरलं,
आणि उपटायच्या आधी दोनदा हलवलं,
हळू,
झोपलेल्या पोराला उठवावं तसं.
पांढरा धूर उठला. गुडघ्याएवढा वर गेला, वळला,
शेजारच्या हिरव्या ओळीत उतरला.

“अहो, पिशवी! आधी पिशवी घालायची वरून!”
“मग त्या आत मरतील की.”

त्याला कळलं नव्हतं असं नाही.
पोट, रक्त, लाळ, मरेपर्यंत,
सगळं मीच तर आत्ता सांगितलं होतं,
आणि त्यानं एकेक शब्द नीट ऐकला होता.
पुढची ओळही त्याचीच होती.
पुढच्या ओळीवर दुंडव्वाच्या बांगड्या होत्या, औंदाच्या.

दिवस कलला. अंधारायच्या आत त्याला जेवायचं होतं.
तोंडावर दोन चुळांचं पाणी मारून तो वस्तीकडे गेला,
मागं न बघता, रागानं नाही.
कडेच्या मक्याच्या दोन ओळी,
माशी अडावी म्हणून मीच लावायला सांगितलेल्या,
सळसळल्या आणि गप्प झाल्या.
एक्केचाळीस राहिली.

पहिल्यावर मी पिशवी घातली, बुडाशी आवळली.
आतून प्लास्टिकला काहीतरी लागत राहिलं,
आवाज म्हणावा इतकंही नाही.
गाठ मारताना हात थांबला म्हणावं,
तर थांबला नाही.
मारली.
मग बॅटरी दातात धरून नोंदवहीत लिहिलं:
रोप दोन. माशा, मोजल्या नाहीत.