बॅटरी, एक

बेलेमच्या बाजारात, मासळीच्या ओळीमागे
माझं दुकान. एवढंच की
गिऱ्हाईक आत आलं तर मला उभं राहावं लागतं.

आज जुरांदीर लेकाचा कन्सोल घेऊन आला.
लेक लिस्बनला, हॉटेलात फरशा पुसतो.
म्हणाला, दिवा लागतो, खेळ उघडत नाही.

नाण्याएवढी बॅटरी मेली
की आतल्या घड्याळाला साल आठवत नाही.
मग यंत्र कंपनीला विचारतं, हा माणूस खरा का?
कंपनीनं तो सर्व्हर मार्चातच बंद केला.
उत्तर येत नाही,
म्हणून माणूस खोटा.

माझा भाऊ साओ पावलोत असलीच कुलपं घडवतो.
म्हणतो, इरासिल्दा, कुलूप नसेल तर
चोर घर धुऊन नेतील.
खरंच आहे. माझ्या बँकखात्यात कुणी हात घातला
तेव्हा रात्री दोनला मी त्यालाच उठवलं होतं.
कुलपाशी भांडण नाही माझं.
पण घर विकून, पैसे मोजून घेऊन,
किल्ली खिशात टाकून जो गावच सोडतो
त्याला काय म्हणायचं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

दोन तास गेले. कसे, ते विचारू नका.

पडद्यावर फुटबॉलचा संघ उभा राहिला,
सगळी आमच्या गल्लीतली नावं.
गोलकीपर टकला: जुरांदीर.

पावतीवर मी लिहिलं, बॅटरी, एक.
बाकीचं लिहायला रकाना नाही.

तो म्हणाला, एक डाव खेळू?
बोटं जाडी, बटणं बारीक.
पाच गोल खाल्ले त्यानं,
उठायला तयार नाही.