शेटवर्दे

आडनाव सांगितलं की लोक थबकतात.
शेटवर्दे? कुठले म्हणायचे तुम्ही?
आबा सांगायचे, संगमेश्वराकडचे.
गावाचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.
गणपतीला सगळी चाळ कोकणात रिकामी व्हायची,
आम्ही करी रोडला, गॅलरीत, पत्ते खेळत.

ते गेल्यावर ट्रंकेत सापडलं एक पितळी गेज,
बोटाएवढं. पाठीवर कोरलेलं: ई. शटलवर्थ.
तीनदा मोठ्यानं वाचलं.
चौथ्यांदा माझंच आडनाव ऐकू आलं.

मग दोन वर्षं गेली.
शिवडीच्या दफनभूमीची वही, पानं पापडासारखी,
कारकून रेमेडिओस म्हणाले,
"बाई, बोट ओलं करू नका."
ईनॉक शटलवर्थ. साचे बसवणारा. वय एकेचाळीस. ताप.
अठराशे एकोणनव्वद.
थडग्याचा नंबर आहे. थडगं नाही.

लँकेशायरच्या कुठल्याशा गिरणगावातून
पाच वर्षांच्या करारावर आला होता.
तिकडच्या खानेसुमारीत त्याची बायको हॅना,
विणकर, दोन मुली,
आणि पुढच्या रकान्यात: विधवा.
साल एक्याऐंशी.
म्हणजे तिनं त्याला आठ वर्षं आधीच पुरलं.
मी हिशेब पुन्हा केला, बोटांवर.
बरोबर होता.

इकडे ठकूबाई. कांड्या भरायची.
तिची नोंद लग्नाच्या वहीत नाही, मरणाच्या नाही,
एका हजेरीपत्रकावर नुसता अंगठा.
त्याच्या रेषा भिंगाखाली धरून
शेजारी माझा अंगठा ठेवून पाहिला.
काय हा वेडेपणा, या वयात.

पोराला कामावर घेताना
जॉबरनं विचारलं असेल, बापाचं आडनाव?
ठकूनं कानांनी जपलेलं तेवढं सांगितलं.
ज्या तोंडांनी थ्रॉसलचं त्रासन केलं
त्यांना शटलवर्थचं शेटवर्दे करायला कितीसा वेळ!

मला वाटलेलं, शटल म्हणजे धोटा.
इकडून तिकडे, तिकडून इकडे, पोटातलं सूत सोडत.
किती शोभलं असतं. भाचीला तसं सांगूनही झालं होतं.
पण आडनावांच्या जाड कोशात निराळंच निघालं:
शटल, जुन्या बोलीत, दाराचा अडसर.
वर्थ म्हणजे आवार.
अडसर घातलेलं आवार. बस, एवढंच.
गुरं आत राहावीत म्हणून
की माणसं बाहेर, ते कोशात नाही.

आबा साच्यावर होते, संपापर्यंत.
पुढे गेटला कुलूप लागलं, तरी महिनाभर
डबा घेऊन जायचे,
कुलूप हलवून बघायचे,
आणि डबा घरी आणून जेवायचे.

परवा भाचीकडे गेले. तिचा टॉवर त्याच जागेवर.
टॅक्सीसमोर लाल-पांढरा दांडा आडवा.
वॉचमननं वही पुढे केली. नाव?
सांगितलं.
"कैसे लिखने का?"
मीच लिहिलं. दांडा वर गेला.

आत लॉबीत मशीन किंचाळलं.
पर्स उघडून गेज दाखवावं लागलं.
"ये क्या है, मॅडम?"
माहीत नाही, म्हटलं.
घरातलं आहे, जुनं.