इंचाला फूट

कोरगावात, न्हानूमामाच्या अंगणात
मी टेप धरून ओणवी.
जोतं अठरा इंच.
उताराचा नियम डिप्लोमाला घोकलेला :
एका इंचाला एक फूट.
म्हणजे अठरा फूट, आणि अंगण तर
विहिरीपाशी चौदा फुटांत संपतं.

'साठ फुटी माड मी
विडी विझायच्या आत चढायचो,'
मामा खुर्चीतून म्हणाला,
'आणि या हातभर उंचीला
तुला अख्खं अंगण हवं?'
मिंगेल गवंडी हसला.
मग हसायचा थांबला.

उतार मध्येच वळवला.
वळणावर पाच फूट सपाट,
चाकांना दम घ्यायला.
दार तीन फुटी. उंबरा नाही.
'बिनउंबऱ्याची खोली?' शेजारीण कुंपणावरून.
मी नकाशात उंबऱ्याच्या जागी
तुटक रेघ काढली,
रांगोळीपुरती.

खिडकी मागच्या बाजूला ठेवली होती,
बसल्या नजरेच्या उंचीवर,
म्हणजे त्याला त्याचे माड दिसतील.
मनातल्या मनात खूश होते मी या खिडकीवर.
त्यानं कागद बराच वेळ बघितला.
'पुरो गो आता माड.
रस्त्याकडे कर.
कुणाची बस चुकली
एवढं कळलं तरी दिवस जातो.'

खोडरबराचा भुगा
त्यानंच फुंकरीनं उडवला.

मामी तोवर बोललीच नव्हती.
चहाचे पेले उचलताना म्हणाली,
'न्हाणीत त्याच्या हाताला दांडा दिलास.
मी त्याला उचलते, तेव्हा
मी कुठे उभी असते?'

तिचं माप मी घेतलंच नव्हतं.
खांदा. कोपर. वाकल्यावर कंबर.
कंबरेशी टेप नेली तर
तिनं डोळे मिटून घेतले.
भिंत दीड फूट सरकली,
मिंगेलनं चिरे पुन्हा मोजले,
आणि न्हाणीत एक कट्टा आला
जो आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही :
त्याला आंघोळ घालून झाली की
तिला टेकायला.

एप्रिल सरता सरता काम संपलं.
मे महिन्यात मामाचा फोन, तावातावानं :
'ये आणि बघ तुझा उतार!
वरपासून खालपर्यंत
सोलं वाळत घातलीत हिनं.
म्हणते, एवढं सरळ ऊन
गावात कुठे पडत नाही.
मी बाहेर जाऊ कसा?'

मागून मामीचा आवाज :
'तिन्हीसांजेला काढते.
तोवर बस तिथेच,
कोंबड्या हाकल.'