अठरा किलो

वाल्पाराइसोच्या टेकडीवर माझी लॉन्ड्री.
खाली बंदर, वर आम्ही, मधे पायऱ्या
आणि सहा हॉटेलांच्या चादरी.

कधीपासून, ते सांगता यायचं नाही.
साबणाचा वास यायचा बंद झाला, एवढं आठवतं.
मग बहिणीच्या पोरानं, बाल्तासारनं,
पडलेला दुधाचा दात तळहातावर ठेवून दाखवला
आणि मी म्हणाले, "गुरुवारी चारनंतर मिळेल."
पोरगं हसलं. बहीण हसली नाही.

एर्मेलिंदाच्या मयतीला
पेटीवरचं पांढरं कापड डोळ्यांनीच तोललं:
पाऊण किलो, खळ जास्त.
रडू आलं नाही.
घरी येऊन हिशेब लिहिला. तो मात्र चोख.

"दमलीस," कोणी म्हणालं की राग यायचा.
दमणं झोपल्यावर जातं.
हे माझ्याबरोबर कूस बदलायचं.

जुलैच्या थंडीत तीन नंबरचं मशीन बसलं.
ओनोफ्रे मेकॅनिक उताणा होऊन खाली शिरला,
बराच वेळ बोललाच नाही,
मग बेअरिंगचा चुरा माझ्या हातावर ओतला.
"सेन्योरा इस्मेनिया, दारावरच लिहिलंय की, अठरा किलो.
तुम्ही किती भरत होता?"
पंचवीस. कधी अठ्ठावीस.
"पण चालत होतं ना," मी म्हणाले.
"हो. नऊ वर्षं," तो म्हणाला, आणि हात पुसले.

त्या रात्री न्हाणीघरात
माझ्या अंगावर कुठे आकडा छापलाय का, पाहिलं.
खरंच पाहिलं. मानेमागेसुद्धा, दोन आरसे धरून.

सोमवार बंद ठेवला.
पहिल्या सोमवारी बंद दारासमोर बसून राहिले,
किल्ली मुठीत.
दुसऱ्या सोमवारी दुपारपर्यंत झोपले, उठून ओशाळले.
सगळ्यात मोठ्या हॉटेलाला नाही म्हणाले.
फोन ठेवला आणि लगेच पुन्हा लावावासा वाटला.
पैसे कमी पडतात, खोटं कशाला सांगू?
दुसरी किल्ली नूर्याकडे दिली.
तिची घडी वाकडी बसते. मी ती मोडत नाही.

काल गच्चीवर माझी स्वतःची एक चादर वाळत टाकली.
इतकी वर्षं वाळत टाकलं होतं ते मलाच.
समुद्रावरून वारा आला,
ओलं कापड फाडकन तोंडावर बसलं
आणि वास आला. साबणाचा.
कसला हा साबण! अगदीच स्वस्तातला.
नूर्याला सांगायला हवं, बदल म्हणून.
मंगळवारी.