अडकल्याशिवाय

गेट उघडं असतंय तोवर कोण बघतंय त्याच्याकडं,
भरमा किणेकर म्हणायचे.
टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर सव्वीस वर्षं
हिरवा बावटा, लाल बावटा, अर्धा कप चहा.
बंद झालं की मग आठवतंय सगळ्यांना, हितं गेट हाय.

त्या गेटातून मी सायकलनं कॉलेजला जायची.
पुढं त्यांचं हेच वाक्य घेऊन सात वर्षं
पेशीच्या कातडीसमोर बसले.

तेलकट, पातळ, दुपदरी कातडी.
तिच्यात बुडालेली हजारो प्रथिनं
साबणाच्या पाण्यात सोडवून काढली की
लग्नाच्या पंगतीतल्या पावण्यांसारखी,
कोण कुणाकडचं, पत्ता लागत नाही.
यातलंच एक न्यूक्लिओसाइडला आत घेतं.
कर्करोगाची पेशी हावरी;
तिला हे धान्य पोत्यांनी लागतं.
आणि त्याच पोत्यांच्या आडून, तसाच सदरा घालून,
आमचं औषध.

पण आत घेतं कोण?
जे जातं त्याला विचारून उपयोग नाही.
ते गेलेलं असतं.

म्हणून दारात अडकणारं काहीतरी हवं.
एक रेणू, न्यूक्लिओसाइडच्याच वळणाचा, जरा ढेरपोट्या,
उंबऱ्यात शिरतो आणि ना आत ना बाहेर.
त्याच्या अंगाला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण.
बर्फात नळ्या, वर जांभळा दिवा
(लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून),
उजेड पडला की तो दाराला चिकटतो तो कायमचा.
मग जेलमधून पळवायचं,
आणि फिल्म सहा आठवडे अंधारात, उणे ऐंशीच्या फ्रीजात.
तेवढ्यात खानापूरला घरची तीन लग्नं, एक बारसं,
आणि गावाच्या पाटीवर डांबर, रंग, पुन्हा डांबर.

बसवण्णी फिल्म धुऊन बाहेर आला:
"बंतु नोड्री मॅडम, आला बघा!"
पंचावन्नाच्या आसपास एक धुरकट पट्टा,
चुलीमागच्या भिंतीवर बोट ओढल्यासारखा.
शेजारच्या कप्प्यात, जिथं बिनखुणेचा तोच रेणू
आधीच ओतून दार गच्च केलं होतं,
तिथं काही नाही. कोरं.
त्या कोऱ्यावर माझा जास्त विश्वास बसला.

तिसरा कप्पा सतरा नंबरचा.
नमुन्यावर नाव लिहीत नाहीत.
पण कुद्रेमनीहून डबा घेऊन येणारी त्यांची सून, तेजक्का,
वॉर्डाबाहेर मला भेटली होती.

पट्टा नव्हता.
पुन्हा केलं. पुन्हा सहा आठवडे.
या खेपेला बसवण्णीनं फिल्म हातात दिली,
"इल्लरी" म्हणाला, आणि नळ खूप वेळ चालू ठेवला.

दर मंगळवारी औषध शिरेतून चाललं होतं
आणि पेशीबाहेर नुसतं उभं राहत होतं.
गेट बंद नव्हतं. गेटच नव्हतं.
काकांच्या वाक्यात ही सोय नव्हती.

डॉक्टरांना कळवलं: हे बंद करा, दुसरं बघा.
दुसरं महाग होतं, आणि उशीरही.

संध्याकाळी खाटेजवळ बसले तर तेच म्हणाले,
काय गं, घावलं का तुझं गेट?
घावलं की, मी म्हटलं.
कितवं?
पंचावन्नावर.
ते खोकले, का हसले.
पंचावन्न? आमच्या येळंला तीनच होती.
एवढी गेटं कधी केली म्हणायची रेल्वेनं?